लोहगडाच्या पायऱ्यांवर एकेरी वाहतूक करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिला मोठा पाऊस झाला की आपल्या अंकात दोन बातम्या ठरलेल्या असतात. आधी गडावर उसळलेल्या गर्दीचा फोटो आणि आठ-पंधरा दिवसांनी तिथे जायला मनाई केल्याचा आदेश. यंदाही तेच होणार, म्हणून आधीच लिहितो.

मी तळेगावचा. लोहगड म्हणजे आमच्या अंगणातलाच गड. पावसाळ्यात एक तरी खेप होतेच. लोकलने मळवलीला उतरायचे, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाठायचे, लेण्यांकडचा धबधबा बघत चढाला लागायचे आणि गायमुख खिंडीत पोचल्यावर डावीकडे विसापूर की उजवीकडे लोहगड, ते ठरवायचे. बहुतेक वेळा पाय उजवीकडेच वळतात.

गेल्या जुलैत नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन गेलो आणि चूक केली ती रविवारी जाण्याची. गणेश दरवाजा ओलांडून नारायण दरवाजाकडे निघालो आणि तिथेच रुतलो. वरून पाऊस, पायऱ्यांवरून घोट्याएवढे पाणी, खालचे वर रेटताहेत, वरचे खाली यायला बघताहेत. पाऊण तास कुणी पाऊलभर हलले नाही. कुणाच्या तरी पाठपिशवीत भोंगा वाजत होता, तो बंद करायलाही त्याला हात मोकळा नव्हता. नातवाला तटाच्या कोपऱ्यात उभा करून मी त्याच्यापुढे आडवा राहिलो. एक मुलगी घसरली, पण पडली नाही. पडायला जागाच नव्हती.

तिथे उभ्या-उभ्या एक गोष्ट लक्षात आली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक, आणि त्यांना जोडणारी वाट सापासारखी वळत गेलेली. वळणाआड काय आहे ते खालच्याला दिसत नाही. शत्रू इथे कोंडला जावा, मागच्याला पुढचे कळू नये आणि वरच्या तटावरून त्याच्यावर मारा करता यावा, यासाठीच तर ही बांधणी! आज मारा करणारे कुणी नाही, कोंडी मात्र जशीच्या तशी होते. वर वाट तुंबली आहे हे खालच्याला ठाऊक नसते, म्हणून तो रेटत राहतो. शिवाय चढायला आणि उतरायला पायऱ्यांची वाट ही एकच. 2023 च्या पावसाळ्यात याच पायऱ्यांवर शेकडो लोक अडकल्याची चित्रफीत घरोघर पोचली होती. ती बघून पोरांना शिस्त नाही, असे आपण म्हणून मोकळे झालो. शिस्त नाही हे खरेच, पण शंभर शिस्तीची माणसे चढताना आणि शंभर शिस्तीची माणसे उतरताना त्या वळणावर समोरासमोर आली, तरी हेच होईल.

मग मनाईचा आदेश का नको? आमच्या मावळात गर्दीने आणि पाण्याने माणसे गेली आहेत, हे मी विसरलेलो नाही. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला, त्यात चौघे गेले. वाहत्या पाण्याजवळ बंदी हवीच, तिथे माझे काही म्हणणे नाही. पण गड बंद केला म्हणून पुण्या-मुंबईहून निघालेला माणूस घरी परतत नाही. तो खिंडीतून डावीकडे वळतो आणि विसापूरच्या ज्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात ओढाच वाहतो, त्या वाटेला लागतो. नाहीतर तिकोना, नाहीतर तुंग. तिथे तर अडवायला आणि सावरायलाही कुणी नसते. इकडे लोहगडवाडीत पिठलं-भाकरी आणि भाजलेली कणसे विकणाऱ्यांचे पावसाळ्याचे चार पैसे बुडतात, ते वेगळेच.

घाटात दरड कोसळली की काय करतात? एक बाजू थांबवून दुसरी सोडतात. पायऱ्यांवर एवढेच करा. पायथ्याशी एक माणूस, महादरवाजात एक माणूस, दोघांकडे वॉकीटॉकी. वरची तुकडी पूर्ण उतरली की खालची सोडायची. तिकीट आहेच, त्यामुळे वर किती माणसे गेली हा आकडा हातात असतो. त्याला मर्यादा घाला. ती पुरी झाली की लोकांना पायऱ्यांपाशी नव्हे, तर खाली भाजे गावातच थांबवा. चढ संपवून आलेल्या माणसाला परत जा म्हटले की तो भांडतोच. या कामाला वाडीतलीच पोरे घ्या आणि त्यांना मजुरी द्या. धुके आणि वारा असेल त्या दिवशी विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या पुढे निघालेल्या अरुंद सोंडेकडे, उतरणारा खडकाळ टप्पा दोर बांधून बंद ठेवा. ती सोंड दीड किलोमीटरच्या आसपास लांब आहे. धुक्यात तिची कड दिसत नाही आणि वारा माणसाला हलवतो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. आनंदच झाला. आमच्या आळीत पेढेही वाटले. पण त्या यादीमुळे यापुढे गर्दी वाढेल, कमी होणार नाही, आणि पायऱ्या तेवढ्याच राहणार. त्या रुंद करा असे मी चुकूनही म्हणणार नाही, तट-दरवाजांना कुणी हात लावू नये. माणसे सोडण्याची पद्धत मात्र बदलता येते. तिला सिमेंट लागत नाही, निविदाही लागत नाही. कदाचित म्हणूनच ती कुणाला सुचत नसावी.

त्या रविवारी आम्ही नारायण दरवाजातूनच परत फिरलो. नाना फडणवीसांनी बांधलेले सोळा कोनांचे तळे नातवाला दाखवायचे राहिले, विंचूकाटाही राहिला. तो अजून विचारतो. त्याला यंदा मंगळवारी शाळा बुडवून नेणार आहे. त्याच्या बाईंनी हे पत्र वाचू नये, एवढीच विनंती.

आपला एक जुना वाचक,
तळेगाव दाभाडे