डायलिसिसचा रुग्ण आणि कर्करोगाचा रुग्ण एकच असतो तेव्हा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मूत्रपिंडे निकामी झालेल्या आणि त्याच वेळी पसरलेला कर्करोग असलेल्या रुग्णांच्या उपचारांची सांगड घालण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यात काम करणारा मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जन आरोग्य योजना आज कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिच्यात डायलिसिसही बसते आणि केमोथेरपीही. त्यामुळे हे पत्र योजनेविरुद्धची तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्याला हे दोन्ही आजार आहेत तो रुग्ण आपल्या व्यवस्थेत एकाच ठिकाणी, पूर्ण असा, कुठेच दिसत नाही. जिल्हा रुग्णालयातले डायलिसिस केंद्र आपल्या विभागाकडे आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, आणि या दोहोंमधले अंतर रुग्णाच्या नातेवाइकाने हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात कागद घेऊन पार करायचे असते.

या दोन आजारांचे नाते अनेकदा चुकीचे समजले जाते, म्हणून आधी ते सांगतो. कर्करोग पसरला आणि रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढले, की नातेवाईक समजतात की रोग आता मूत्रपिंडात गेला. प्रत्यक्षात मूत्रपिंडात गाठी पसरल्यामुळे ती निकामी होणे विरळच असते. काही रक्तकर्करोगांत तसे होते, इतरत्र क्वचित. बहुतेक वेळा कारण वेगळे असते. लघवीचा मार्ग बाहेरून दाबला गेलेला असतो, हाडांत पसरलेल्या रोगामुळे रक्तातले कॅल्शियम चढलेले असते, मल्टिपल मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगात) तयार होणारी प्रथिने मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकलेली असतात, सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाने नलिकांना इजा केलेली असते, किंवा निदान होण्याआधीचे कित्येक महिने कंबरदुखीसाठी औषधांच्या दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पोटात जात राहिलेल्या असतात. यांतली बरीचशी कारणे वेळेत ओळखली तर मूत्रपिंडे पूर्णपणे किंवा अंशतः परत येतात. ‘किडनी फेल आहे’ एवढे एकच वाक्य लिहून रुग्णाला पुढे पाठवणे म्हणूनच अपुरे आहे. ती कशाने निकामी झाली, हे लिहिले गेले पाहिजे.

आपल्या भागात हे दोन आजार सर्वांत जास्त वेळा एकत्र येतात ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. देशात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्या मूत्राशयाकडे जातात. गाठ बाजूला वाढू लागली की आधी एक वाहिनी दाबली जाते आणि बाईला काहीच जाणवत नाही, कारण दुसरे मूत्रपिंड काम उचलून धरते. दुसरी वाहिनी दाबली गेली की लघवी कमी होते, उलट्या सुरू होतात, पायांवर सूज येते, धाप लागते, आणि मग ती जवळच्या रुग्णालयात दाखल होते. तेथे सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसतात आणि क्रिएटिनिन आठ-दहाच्या घरात असते.

यापुढे जे घडते त्याबद्दल मला विशेष लिहायचे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसचे यंत्र आहे, म्हणून तिला डायलिसिस मिळते. तिला खरी गरज असते ती पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून किंवा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (मार्ग आतून उघडा ठेवणारी बारीक नळी) बसवून अडलेली लघवी मोकळी करण्याची. पाठीतून टाकायची नळी सोनोग्राफीच्या मदतीने, पूर्ण भूल न देता, तेवढाच भाग बधिर करून टाकता येते. मात्र ती टाकणारा मूत्रशल्यचिकित्सक किंवा रेडिओलॉजिस्ट त्या रुग्णालयात नसतो. डायलिसिसने रक्त शुद्ध होते, अडथळा तसाच राहतो. सांडवा बंद असलेल्या धरणातले पाणी बादल्यांनी उपसावे तसे हे चालू राहते आणि दाबाखाली मूत्रपिंडे कायमची जातात. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडे बऱ्यापैकी चालू असतानाच देता येते, त्यामुळे मूत्रपिंडांबरोबर तिचा किरणोपचारासह दिला जाणारा नेहमीचा केमोही हातचा जातो.

यात दुःखाची गोष्ट ही, की मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगणे ही आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिसरी अवस्था आहे, चौथी नव्हे. रोग फुप्फुसात किंवा यकृतात पोहोचलेला नसेल तर बरे करण्याच्या उद्देशाने उपचार करता येण्याजोगी ही अवस्था असते. तरीही ‘आता किडनीही गेल्या, घरी न्या’ असा सल्ला घेऊन गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. याउलट, रोग खरोखरच दूरवर पसरलेला असताना तिला न विचारता नळ्या टाकून उरलेले दिवस पिशव्या सांभाळण्यात आणि संसर्गात घालवायला लावणे हेही मला योग्य वाटत नाही. या दोन परिस्थितींमधला फरक ठरवण्यासाठी मूत्रपिंडांचा आणि कर्करोगाचा असे दोन तज्ज्ञ एकाच वेळी, निदान फोनवर तरी, बोलले पाहिजेत. लघवीचा मार्ग अडून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला शक्यतो चोवीस तासांत नळी टाकण्याची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे आणि ते ठिकाण कोणते हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला आधीच लेखी ठरवून द्यावे, ही माझी पहिली विनंती आहे.

आणि याच ठिकाणी थोडे विषयांतर : तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेला जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एचपीव्हीच्या (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात हे जगाला दाखवले गेले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातली आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातली माणसे त्या कामात होती. ज्या मातीतून हा पुरावा मिळाला तेथील स्त्रिया आजही बंद पडलेली मूत्रपिंडे घेऊन माझ्याकडे येतात.

नात्याची दुसरी बाजू अशी, की डायलिसिसवर असलेल्या माणसाला कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील आठ लाखांहून अधिक डायलिसिस रुग्णांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ही वाढ सरासरी १८ टक्के असल्याचे सांगतो. मूत्रपिंडाच्या कर्करोगात ती याहून बरीच जास्त आहे, कारण वर्षानुवर्षे डायलिसिसवर राहिलेल्या मूत्रपिंडांत द्रवाच्या पिशव्या तयार होतात आणि त्यांतल्या काहींत गाठ वाढते. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने धोका आणखी वाढतो. पण माझ्या अनुभवात धोक्यापेक्षा उशीर अधिक नडतो. थकवा, भूक मंदावणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे, हाडे दुखणे ही कर्करोगाची लक्षणे डायलिसिसच्या रुग्णात आधीपासूनच असतात, त्यामुळे ती सगळी मूत्रपिंडांच्या खात्यावर टाकली जातात आणि निदान होईपर्यंत रोग पसरलेला असतो. हिमोग्लोबिन अचानक आणखी घसरले तर आपण रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचा डोस वाढवतो. मात्र शरीरात कर्करोग असताना हे इंजेक्शन रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते आणि काही कर्करोगांत रोगाची वाढही वेगाने होऊ शकते, असा कडक इशारा त्यावर २००७ पासून आहे. डोस वाढवण्याआधी रक्त कुठे जाते आहे, हे पाहण्याची शिस्त केंद्रांना घालून द्यावी लागेल. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आधीच समाविष्ट आहे. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास एकाच खाटेवर येणाऱ्या माणसांची ती होऊ नये, हे अनाकलनीय आहे.

आता औषधांविषयी. येथे माझे म्हणणे अगदी साध्या गोष्टीपाशी येते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, म्हणून कर्करोगाने कृश झालेल्या माणसात मूत्रपिंडे बिघडलेली असूनही त्याचा आकडा बरा दिसतो. साठ वर्षांची, ३६ किलो वजनाची बाई आणि क्रिएटिनिन १.१ असा रिपोर्ट कुणाच्याही नजरेत खुपणार नाही. वय, वजन आणि क्रिएटिनिन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर तिच्या मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता, म्हणजे गाळणक्षमता, मिनिटाला सुमारे ३१ मिलीलिटर निघते. या पातळीवर सिस्प्लॅटिन देऊ नये, कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधाचा डोस कमी करावा लागतो, आणि हाडांत पसरलेल्या रोगासाठी दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड कमी मात्रेतच चालते; ३० च्या खाली गेल्यास ही शेवटची दोन औषधे टाळावी लागतात. झोलेड्रॉनिक ॲसिडऐवजी डेनोसुमॅब द्यावे, तर प्रगत मूत्रपिंडविकारात त्याने कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या डेनोसुमॅबवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये याच कारणाने सर्वांत कडक इशारा लावला. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस तर गाळणक्षमतेत २५ मिळवूनच काढायचा असतो, आणि डायलिसिसच्या रुग्णात गाळणक्षमता शून्य धरून तो देताही येतो, फक्त पुढचे डायलिसिस केव्हा करायचे हे आधी ठरलेले असावे लागते. ही वेळ जुळवणार कोण, हाच प्रश्न आहे. केमो संभाजीनगरला आणि डायलिसिस तालुक्याला असेल तर ती बहुधा कुणीच जुळवत नाही.

मूत्रपिंडे निकामी आहेत एवढ्याच कारणाने केमो नाकारणेही तितकेच चूक आहे. मात्र डॉक्टरांच्या या भीतीमागे कारण आहे. कर्करोगावरील औषधांच्या चाचण्यांपैकी सुमारे ८५ टक्के चाचण्यांनी मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांना वगळले होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. पुरावा तोकडा असल्यामुळे अनुभवी माणसांचा सल्ला सहज मिळणे येथे अधिक गरजेचे ठरते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने आठवड्यातून एकदा दूरदृश्य बैठक घेऊन जिल्ह्यांतील अशा रुग्णांवर एकत्र विचार करता येईल.

वेदनेचा प्रश्न मला सर्वांत तातडीचा वाटतो. हाडांत कर्करोग पसरलेल्या माणसाला मॉर्फिन लागते आणि मूत्रपिंडे निकामी असतील तर तेच मॉर्फिन त्याच्यावर उलटते, कारण त्याचे क्रियाशील अवशेष लघवीवाटे बाहेर न पडता साठत जातात. रुग्ण गुंगीत जातो, अंगाला झटके येतात, श्वास मंदावतो. मग घाबरून औषध बंद केले जाते आणि माणूस विव्हळत राहतो. फेंटानिलचा पॅच, ब्युप्रेनॉर्फिन किंवा अनुभवी हातांत मेथाडोन यांचा पर्याय आहे. २०१४ च्या अमली पदार्थ कायद्यातील दुरुस्तीनंतर अत्यावश्यक म्हणून अधिसूचित झालेल्या औषधांत मॉर्फिनबरोबर फेंटानिल आणि मेथाडोनही आहेत, त्यामुळे कायद्याची अडचण पुढे करता येणार नाही. अडचण साठ्याची आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या संख्येची आहे. अन्न व औषध प्रशासन आपल्या विभागाबाहेरचे असले तरी, प्रत्येक जिल्ह्यात निदान एका ठिकाणी ही औषधे मिळतील एवढा समन्वय आपण घडवू शकता.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे आणि तो टाळला जातो. कर्करोग सर्वदूर पसरलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाने डायलिसिस सुरू करावे का, चालू असल्यास ते कधी थांबवावे, याविषयी रुग्णाशी आपण बोलत नाही. योजनेत पैसे मिळतात म्हणून डायलिसिस चालू राहते, रक्तदाब पडत असतानाही रुग्णवाहिका येत राहते, आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) बंद पडला की मानेत नवी नळी घातली जाते. डायलिसिस थांबवले की बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत मृत्यू येतो. त्या काळात धाप, खाज, उलट्या आणि वेदना यांवर घरी येऊन उपचार करणारे पथक असेल तरच ‘थांबवूया’ म्हणण्यात माणुसकी आहे, नाहीतर ते वाऱ्यावर सोडणे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये वैद्यकीय पूर्वेच्छापत्राची, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, पद्धत सोपी केली. डायलिसिस केंद्रातल्या किती परिचारिकांना, किती तंत्रज्ञांना हे कुणी समजावून सांगितले आहे? आजारी माणसाशी सर्वांत जास्त वेळ तेच बोलत असतात.

हे सारे एकदम राज्यभर होणार नाही, याची मला कल्पना आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर या चार जिल्ह्यांत सुरुवात करावी, दोन्ही विभागांनी मिळून एकच जबाबदार अधिकारी नेमावा आणि डायलिसिसच्या व कर्करोगाच्या नोंदींत दुसऱ्या आजाराचा एक रकाना वाढवावा, म्हणजे असे रुग्ण किती आहेत हे वर्षभरात कळेल. शासकीय प्रयोगशाळांतील प्रत्येक क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर गाळणक्षमतेचा आकडा छापावा आणि तपासणीच्या अर्जावर रुग्णाचे वजन लिहिणे सक्तीचे करावे, असे परिपत्रक मात्र आपण या आठवड्यातही काढू शकता. त्याला फारसा खर्च नाही. त्याचा मसुदा करण्यासाठी माझ्यासारखे अनेक डॉक्टर विनामूल्य वेळ देतील. या पत्राची प्रत मा. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनाही पाठवत आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
मराठवाड्यातील एक मूत्रपिंडविकारतज्ज्ञ