पश्या, त्या टिपवाल्याबद्दल

प्रिय पश्या,

परवा फोनवर तू विषय काढलास आणि मागून वहिनींचा आवाज आला तसा एकदम मिरजेच्या पावसावर बोलायला लागलास, तेव्हाच कळलं की हे फोनवर व्हायचं काम नाही. म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

तर टेलिग्रामवरचा तो माणूस महिन्याला अडीच हजार मागतोय, आयपीएलचे 'फिक्स रिपोर्ट', म्हणजे कुठली टीम जिंकणार ते आधीच सांगून देतो म्हणतो, तुझ्या मेव्हण्याने भरलेत आणि आता तुझ्या डोक्यात किडा शिरलाय. माझं उत्तर नाही असं आहे. पण नुसतं नाही म्हटलं तर तू म्हणणार सुन्या झाला सुरू मास्तरकी करायला, म्हणून मी काय काय बघितलं आणि काय हिशोब केला ते सांगतो, मग तुझं तू ठरव.

तू पाठवलेला तो चॅनेल मी रात्री बसून उलटा वाचत गेलो. आधी जे दिसतं ते एकदम झकास, पास पास पास, हिरव्या टिका, नोटांच्या गड्ड्या, 'आज फिर पूरा ग्रुप प्रॉफिट में'. (हा गडी बहुतेक आपल्याकडचा नाहीच, पण मराठी ग्रुपमधे 'भावांनो' म्हणून सुरुवात करतो आणि दुसऱ्या ओळीला हिंदीत जातो.) आता एक गंमत बघ. टेलिग्रामच्या पब्लिक चॅनेलमधे प्रत्येक पोस्टला नंबर असतो, पोस्टची लिंक कॉपी केलीस की शेवटी दिसतो, आणि पोस्ट डिलीट केली तरी तो नंबर परत दुसऱ्या पोस्टला मिळत नाही. तर मी लिंका काढत गेलो तर ४१२, ४१३ आणि त्यानंतर थेट ४१९. मधल्या कुठे गेल्या? एकदा झालं तर समजू शकतो, पण हे असं जागोजागी आहे आणि बहुतेक जागा त्या दिवसांच्या आहेत ज्या दिवशी फेव्हरेट टीम हरली. म्हणजे मॅचच्या आधी टिप टाकायची, आली तर ठेवायची, गेली तर उडवायची, आणि महिनाभराने येणाऱ्या नवीन माणसाला नुसती हिरवीगार शेती दिसते. आणि ते कस्टमरचे स्क्रीनशॉट झूम करून बघ जरा, दोन वेगवेगळ्या 'मेंबर'च्या फोनवर तीच वेळ आणि बॅटरीपण ३७ टक्केच. दोघांनी एकाच मिनिटाला जिंकून एकाच मिनिटाला चार्जिंग संपवलं की काय!

यावर तू म्हणशील की चॅनेल सोड, मेव्हण्याला पर्सनलवर सलग पाच टिपा फ्री दिल्या आणि पाचही बरोबर आल्या त्याचं काय. अरे हाच तर सगळ्यात जुना डाव आहे. समज माझ्याकडे ३२०० लोकांचे नंबर आहेत. अर्ध्यांना सांगायचं चेन्नई, अर्ध्यांना सांगायचं मुंबई. मॅच झाली, ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना विसरायचं, राहिले १६००. पुढच्या मॅचला त्यांचे दोन भाग, राहिले ८००, मग ४००, मग २००, मग १००. पाच मॅच झाल्या आणि आता माझ्याकडे शंभर माणसं आहेत ज्यांना मी सलग पाच वेळा बरोबर सांगितलंय आणि मला क्रिकेटमधलं काहीही कळत नाही. त्या शंभरांना मेसेज जातो की आता व्हीआयपी, अडीच हजार. मेव्हणा त्या शंभरातला आहे, बाकीच्या ३१०० जणांनी ब्लॉक केलं असेल, पण ते काही त्याला भेटायला येणार नाहीत ना. नातं आहे म्हणून त्याला मूर्ख म्हणत नाहीये हां, त्याच्या जागी कुणीही असता तरी त्याला पाचाचे पाचच दिसले असते.

आता दुसरी बाजू घेऊ, समज हा माणूस खरा आहे. खरंच अभ्यास करतो, पिच, ड्यू, शेवटच्या ओव्हर कोण टाकणार, सगळं बघतो आणि शंभरातल्या ५५ मॅच बरोबर सांगतो. सारख्या भावाच्या मॅचला हे सातत्याने जमणं सोपं नाहीये. बुकी अशा मॅचला दोन्हीकडे साधारण नव्वद पैसे देतो, म्हणजे शंभर लावले आणि जिंकलास तर नव्वद सुटतात, हरलास तर शंभरच्या शंभर जातात. त्यामुळे नुसतं ना नफा ना तोटा राहायलाच १०० तल्या जवळजवळ ५३ बरोबर याव्या लागतात. आपला गडी ५५ वाला, म्हणजे शंभर रुपयामागे सरासरी साडेचार रुपये सुटणार. तू मॅचला पाचशे लावणार म्हणालास, सीझनच्या ७० मॅच धरू, झाले पस्तीस हजार, त्यावर साडेचार टक्के म्हणजे १५७५ रुपये. आणि सीझन दोन महिने चालतो, फी झाली पाच हजार. म्हणजे टिपवाला प्रामाणिक असून, हुशार असून, तुझे घरातले ३४२५ रुपये गेले. फी वसूल करायची तर मॅचला दीड-दोन हजार लावायला लागतील आणि तिथून पुढे काय होतं ते तुला मला दोघांनाही माहितीये, एक वाईट आठवडा आला की माणूस डबल करायला लागतो.

शिवाय तो ५५ वाला आहे हे तुला एका सीझनमधे कळणारच नाही. शंभर पोरं बसव, प्रत्येकाला ७० वेळा नाणं उडवून सांगायला लाव, त्यातली वीसेक पोरं ३९ किंवा त्याहून जास्त बरोबर सांगतील, म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर. नुसत्या नशिबावर. मग त्या वीस जणांनी प्रत्येकी एक चॅनेल काढायचा.

आणि भाव? नव्वदचा भाव बघून त्याने टिप टाकली, दोन-तीन हजार माणसांनी एकाच वेळी तीच टीम लावली की भाव पंच्याहत्तरवर येतो. पंच्याहत्तरला न हरता राहायचं तर ५७ बरोबर लागतात, म्हणजे ५५ वाला तिथेच मेला. पण चॅनेलवर हिशोब मात्र नव्वदनेच लिहितात. मेव्हण्याला विचार की त्याला स्वतःला कितीचा भाव मिळाला, नव्वदचा क्वचितच मिळाला असणार.

जे खरोखर जिंकतात ते काय करतात ते बघ. बिल बेंटर म्हणून एक अमेरिकन, ऐंशीच्या दशकात हाँगकाँगला गेला आणि घोड्यांच्या रेसवर कॉम्प्युटर मॉडेल बनवून त्याने अफाट पैसा काढला. वर्षानुवर्षं आकडे गोळा करणं, मॉडेल दुरुस्त करणं, माणसं पगारावर ठेवणं, एखाद्या कंपनीसारखं काम. आणि ते जे येत होतं ते तो स्वतः लावत होता, व्हॉट्सअपवर अडीच हजाराला विकत नव्हता. परदेशात काही टिपवाले आहेत जे प्रत्येक बेट मॅचच्या आधी, भावासकट, वेळेसकट नोंदवतात आणि हरलेलं पण तसंच ठेवतात, त्यांना मी चोर म्हणणार नाही. पण तिथलीसुद्धा रड ही की जिंकणाऱ्याचं खातं कंपन्या आवळतात, जास्त पैसे लावूच देत नाहीत.

मग 'फिक्स'चं काय, आतली बातमी वगैरे. पश्या, मॅच कधी फिक्स होतच नाही असं मी म्हणत नाही. २०१३ ला राजस्थानचे तीन खेळाडू दिल्ली पोलिसांनी धरले तेव्हा आपण सगळे टीव्हीला चिकटून होतो, आठवतंय? पण त्यात पोलिसांचं म्हणणं काय होतं ते बघ. अख्खी मॅच नाही, एक ओव्हर. एवढे रन द्यायचे, खूण म्हणून टॉवेल कमरेला खोचायचा. आणि त्यातल्या एका ओव्हरला ठरले होते म्हणे चौदा, गेले तेरा! पुढे २०१५ ला कोर्टाने त्यांना त्या खटल्यातनं सोडलं तो भाग वेगळा. मुद्दा असा की पोलिसांचं सगळं खरं धरलं तरी ती बातमी चार माणसांच्या पलीकडे जात नाही, जाऊच देत नाहीत, कारण गेली की भाव फुटतो. असली बातमी ज्याच्याकडे आहे तो तुझ्याकडून अडीच हजार गुगल पे कशाला घेत बसेल? आणि टॉसचा रिपोर्ट विकणाऱ्यांचं तर मी काय बोलू.

अरे मॅचसुद्धा खोटी असू शकते हे तर ऐकलंयस ना. २०२२ मधे गुजरातमधल्या मोलीपूर गावात शेतातल्या पिचवर शेतमजुरांना मॅचला चारशे रुपये देऊन जर्सी घालून उभं केलं, हर्षा भोगलेंचा आवाज काढणारा एक गडी माइकवर बसवला आणि रशियातल्या लोकांकडून बेटिंग घेतलं, यूट्यूबवर लाइव्ह. वॉकीटॉकीवर अंपायरला निरोप, अंपायर बॉलरला सांगणार, आता चौकार दे. फिक्स रिपोर्ट द्यायचा तर तो असा!

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. हा माणूस पैसे कशातनं कमावतो ते शोध. फी हा वरचा खाऊ आहे. तो तुला कुठली 'आयडी', म्हणजे बेटिंग साइटवरचं खातं, घ्यायला सांगतो? त्याच्याच माणसाकडून, त्याच्याच व्हॉट्सअप नंबरवरून, हो की नाही? त्या आयडीच्या धंद्यात खालपासून वरपर्यंत साखळी असते आणि एजंटला गिऱ्हाईक जेवढं हरेल त्यात वाटा मिळतो. रातराणीचा ड्रायव्हर जसा ठराविक ढाब्यावरच गाडी लावतो, त्याचं जेवण फुकट आणि बिल आपण भरतो, तसलाच कारभार, फक्त इथे ड्रायव्हर सांगतोय की जेवण पण मीच चाखून बघितलंय. तू जिंकलास तर त्याला फी, हरलास तर फी आणि वाटा. मग त्याला तू कुठल्या बाजूला हवा आहेस? 'लॉस झाला तर रिकव्हरी मॅच फ्री' हे त्याचं वाक्य परत वाच, रिकव्हरीला डबल लावायला सांगतो तो.

आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे. तुझ्या गल्लीच्या तोंडाला पानपट्टीवर मटक्याचा चार्ट लावलेला असायचा, लाल पेनाने गोल केलेले आकडे, आणि बाजूला स्टुलावर बसलेला तो गेसिंगवाला म्हातारा, लोक त्याला चहा पाजायचे, 'आज ओपनला सत्ता पक्का'. कल्याणजी भगतने ६२ ला आणि रतन खत्रीने ६४ ला सुरू केलेले ते आकडे, सिंगलला, म्हणजे एकाच आकड्यावर लावलं तर, एकास नऊ. आकडे दहा आणि भाव नऊचा, यातच खरं तर सगळं आलं, त्यापुढे कुणाचं गेसिंग काय करणार. पण म्हाताऱ्याच्या अंगावर शर्ट कायम तोच असायचा आणि ते कुणी बघायचं नाही. आताच्या गड्याच्या डीपीला फॉर्च्युनर आहे एवढाच फरक.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार कायदा आहेच, आणि २०२५ च्या ऑगस्टमधे केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर जो कायदा केला त्याने तर ड्रीम इलेव्हनला पण पैशाच्या कॉन्टेस्ट बंद कराव्या लागल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरचं नाव गेलं. त्या नव्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तरी तुला धोका कुठे आहे सांगू? समज जिंकलास. तुझ्या खात्यात पैसे येणार कुणाच्या तरी भलत्याच नावाच्या खात्यातनं, भाड्याने घेतलेल्या. ते खातं दुसऱ्या कुठल्या फ्रॉडमधे असलं आणि तिथे फसलेल्या माणसाने तक्रार केली की साखळीतली सगळी खाती गोठतात, तुझं पगाराचं पण, आणि मग कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या सायबर पोलिसांना तू मेल करत बसणार. हप्ता बाऊन्स होणार आणि वहिनींना काय सांगणार, हे पैसे कशाचे?

मेव्हण्यावर ओरडू नकोस, तो चिडून अजून लावेल. त्याला फक्त एवढं करायला सांग, की पुढच्या सगळ्या टिपा आल्या आल्या, टॉसच्या आधी, भावासकट तुला फॉरवर्ड करायच्या आणि पैसे लावायचे नाहीत. तू मला पाठव, मी एक्सेलमधे टाकतो, महिनाअखेरीला तिघं मिळून बघू. तो नाही म्हणाला तर किती अडकलेत ते हळूच विचार. आणि आयडीवरचे पैसे काढू देत नसतील, 'आधी टॅक्स भरा मग विड्रॉल' असलं काही म्हणत असतील तर एक रुपया पुढे भरू देऊ नकोस, सरळ १९३० ला, सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, फोन लाव, जितक्या लवकर तितकं बरं. स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर आधी काढून ठेवा, ते लोक चॅट दोन्हीकडून उडवतात.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. मी गणपतीत येतोय, तोपर्यंत ते एक्सेल भरलेलं असेल.

तुझा,
सुन्या