९० नंबर १०० पेक्षा पातळ नसतो, राजेहो

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात हिवाळ्यात रोज गोंदियाचा पारा किती अन् नागपूरचा किती ते येते, शेकोटीचे फोटो येतात, आम्ही वाचतो. पण त्या थंडीत आमच्या धंद्याचं काय होऊन राहिलं ते कुठंच येत नाही, म्हणून हवा भरायच्या मशीनीच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, ऑइलबद्दल हे पत्र. माझं साकोली तालुक्यात हायवेपासून थोडं आत पंचरचं दुकान आहे. डिसेंबर म्हणजे आमचा सीझन, धानाच्या ट्रॉल्या खरेदी केंद्रावर जातात, भरलेली ट्रॉली अन् टायर बसलेला, सकाळी सातलाच माणूस दारात उभा. अन् नेमकं त्याच टायमाला कॉम्प्रेसर नुसता घुंऽऽ करतो, फिरतच नाही.

दोन वर्षांआधी असंच झालं. पट्टा हातानं ओढून पाहिला तर पुली लय जड. मोटर मेकॅनिककडं नेली, त्यानं कंडेन्सर बदलला, चार दिवस चालली अन् मग वायंडिंगच जळालं, अडीच हजार गेले. नवीन वायंडिंग करून लावली तर दुपारी मस्त चालली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घुं. दुपारी चालते अन् सकाळी चालत नाही, एवढ्यावरूनच डोकं चालायला पाहिजे होतं, पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की कुठचं डोकं.

शेवटी गावातले एक काका आले, कारखान्यात फिटर होते, आता रिटायर आहेत. त्यांनी मोटरीला हातही नाही लावला. खालचा नट ढिला करून स्टीलचा गिलास लावला, तर ऑइल धारेनं येईच ना, काकवीसारखं लोंबत होतं. म्हणे, "कोणतं टाकलं बे?" मी म्हटलं, "काका, दुकानात १०० नंबर नव्हतं, तो म्हणे ९० घेऊन जा, दहाचाच तर फरक आहे, उलट थंडीत पातळ बरं." काका कपाळावर हात मारून म्हणे, "अबे ते गियरचं ऑइल हाय!"

तर साहेब, हे नंबरचं गणित सगळ्यांना कळायला पाहिजे. इंजिन ऑइलचा ४० नंबर, गियरचा ९० नंबर अन् कॉम्प्रेसरचा १०० नंबर, या तीन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत, एकाचा नंबर दुसऱ्याला लावताच येत नाही. कॉम्प्रेसरच्या डब्यावर आयएसओ व्हीजी १०० असं लिहिलेलं असते, ते म्हणजे ४० डिग्रीला ऑइल किती घट्ट आहे त्याचं माप. इंजिनच्या पट्टीत ते साधारण ३० नंबरच्या जवळ बसते. अन् गियरचं ९० हे कॉम्प्रेसरच्या पट्टीत १५० ते २२० च्या आसपास जाते. म्हणजे मी पातळ समजून दीडपट-दुप्पट घट्ट ऑइल ओतलं होतं, तेही थंडीत.

अन् थंडीत होते काय, तर माप ४० डिग्रीचं असते अन् आपल्याकडं सकाळी ८-१० डिग्री. नागपुरात तर २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता. साधं १०० नंबरचं मिनरल ऑइल १० डिग्रीला सहा-सात पट घट्ट होते. खोबरेल तेलाची बाटली जशी थिजते तसं हे गोठत नाही, वाहते पण वाहायचा कंटाळा करते. आमच्या पिस्टनच्या मशीनीत ऑइलचा पंप नसतो, रॉडच्या खाली एक चमच्यासारखा तुकडा असतो तो ऑइलात बुडून वर शिंपडतो. ऑइल घट्ट असलं की चमचा एकदा जातो अन् मागं खड्डा राहून जातो, तो लवकर भरत नाही, मग बेअरिंग अन् सिलिंडर कोरडेच घासतात. वरून सकाळी आमच्याकडं लाईन कमी. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर मोटरीचा जोर एक चतुर्थांश कमी होत नाही, साठेक टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टच्या वर्गानं घटते. इकडं ऑइल घट्ट, तिकडं जोर कमी, मधी बिचारी मोटर जळते अन् आपण शिव्या मोटरवाल्याला देतो. मीही दिल्या, चूक झाली.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी शहाणा झालो अन् ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल टाकलं, २० डब्ल्यू ४०. एकानं सांगितलं होतं की डब्ल्यू म्हणजे विंटर, ते काही खोटं नाही, अन् मशीन सकाळी चालूही झाली. पण एप्रिलमध्ये हवा भरायला डबल टाईम लागायला लागला, हेड खोललं तर व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर तव्याच्या बुडासारखा काळा थर, नखानं खरवडला तर पापुद्रे निघाले. ऑइलच्या काचेत पाहिलं तर दुधाच्या चहासारखं ऑइल. इंजिन ऑइलमध्ये मळ धुणारं औषध असते, ते काजळी अन् पाणी धरून ठेवते, इंजिनला फिल्टर असते म्हणून चालते, आमच्या मशीनीला फिल्टर नाही. हवेतलं पाणी ऑइलात मिसळून जाते अन् तापलेल्या व्हॉल्व्हवर कोळसा बसते. हा कोळसा जास्त झाला तर आगही लागू शकते, हे काकांनी सांगितलं तेव्हा मला घाम फुटला, कारण दुकानात ट्यूब अन् सोल्युशन भरून असते.

आता मी दिवाळीनंतर व्हीजी ६८ टाकतो, कॉम्प्रेसरचंच, बिना डिटर्जंटचं म्हणजे ते मळ धुणारं औषध नसलेलं, अन् होळीच्या आधी काढून पुन्हा १००. उन्हाळ्यात ६८ राहू देऊ नका, आपल्याकडं मे मध्ये ४५-४६ डिग्री असते, त्यात ते पाण्यासारखं होऊन रिंगांवाटे वर चढते अन् हवेसोबत नळीतून बाहेर येते. सिंथेटिक टाकलं तर दोन्ही मोसमात जमते म्हणतात, थंडीत ते कमी घट्ट होते हे खरं, पण महाग आहे अन् माझ्यासारख्याला एकदम एवढे पैसे काढायला जड जाते. अन् हो, मशीनसोबत जी चोपडी येते त्यात कंपनीनं वेगळा नंबर दिला असेल तर माझं ऐकू नका, चोपडीचं ऐका. बोअरवेलच्या गाडीवरच्या स्क्रू कॉम्प्रेसरचं ४६ नंबर कुणी फुकट देत असलं तरी पिस्टनच्या मशीनीत नका टाकू.

ऑइल बदलायला तेव्हा टाईम नसेल तर एवढं तरी करा, सकाळी हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडा ठेवून मशीन चालू करा, म्हणजे टाकीत दाब नाही अन् मोटरीला ओझं नाही, रात्रभरचं पाणीही निघून जाते, पाच-दहा मिनिटं तशीच फिरू द्या अन् मग कॉक बंद करा. पण टाकीखाली शेगडी ठेवून ऑइल गरम करायचं खूळ आमच्या रोडवर सुरू झालं आहे, दोन दुकानात मी डोळ्यानं पाहिलं, निखारे भरलेलं घमेलं बरोबर टाकीच्या बुडाखाली. बाप्पा रे. लोखंडाची दाबाची टाकी आहे ती, चहाची किटली नाही.

तर विनंती अशी की तुम्ही कृषी पानावर खत-फवारणीची माहिती देता तशी एखाद्या वेळी हीही द्या, कारण गॅरेजवाले, पंचरवाले अन् फवारा पंप धुणारे, सगळ्यांकडं ही मशीन आहे. दुसरी विनंती ऑइलच्या दुकानदारांना. माझ्या मशीनीत लिटरभर ऑइल लागते अन् तालुक्याच्या ठिकाणी व्हीजी ६८ मागितलं तर २० लिटरची बकेट दाखवतात, नाही तर खुल्या ड्रममधून पाण्याच्या बाटलीत भरून देतात, त्यात कोणतं आहे ते देवाला माहीत. मागच्या आठवड्यात एका लिटरच्या डब्यासाठी मला भंडाऱ्याला जावं लागलं, जाणं-येणं धरून अर्धा दिवस गेला अन् तेवढ्यात दोन ट्रॉल्या दुसऱ्याच्या दुकानात गेल्या. एक लिटरचे सीलबंद डबे ठेवा भाऊ, नोव्हेंबरपासून ठेवा, आम्ही घेतो.

आपला,
एक पंचर दुकानदार
ता. साकोली, जि. भंडारा