तुर्तुकबद्दल

नाशिक, १८ सप्टेंबर

प्रिय अवी,

"पँगाँग ठीक, पण ते हिरवंगार गाव कुठलं?" असं तू माझे लडाखचे फोटो बघून विचारलंस. फोनवर सांगायला लागलो असतो तर तू मध्येच ऑफिसचा कॉल घेतला असतास, म्हणून सरळ पत्र.

ते तुर्तुक. लेहपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, नुब्रा खोऱ्यातून श्योक नदीच्या काठाकाठाने गेलं की लागतं. उंची लेहपेक्षा कमी, म्हणून शेतात दोन पिकं निघतात. आधी जव, ते कापलं की लगेच कुट्टू, म्हणजे बकव्हीट. बाकी लडाखात एक पीक निघालं तरी पुष्कळ.

टूरवाले सगळे "भारताचं शेवटचं गाव" म्हणून दाखवतात. तिथे राहिल्यावर मला ते बिरुद खटकायला लागलं. तिथले लोक बाल्टी, म्हणजे मूळ बाल्टिस्तानचे, आणि त्यांच्या हिशेबाने ते कशाचंच टोक नाही. श्योक तशीच पुढे, आता पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या खपलूला जाते, स्कर्दूच्या अलीकडे सिंधूला मिळते, आणि यांची सोयरीक, राजे, पीर सगळे त्याच वाटेवरचे. डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय लष्कराच्या मेजर चेवांग रिनचेन यांच्या तुकडीने तुर्तुक, त्याक्शी, चालुंका ही गावं पाकिस्तानकडून घेतली. तेव्हा जो कामाला किंवा शिकायला तिकडे गेलेला होता, तो तिकडचाच झाला. आमच्या घरमालकांचे सख्खे काका त्यातलेच. आता त्यांच्या नातवंडांच्या लग्नाचे व्हिडिओ मोबाईलवर येतात. भेटायचं म्हटलं तर व्हिसा काढून पंजाबातून वळसा, तोही रस्ता उघडा असला तर. आणि पर्यटकांना हे गाव उघडलं कधी? २०१० मध्ये!

वरच्या वस्तीत यब्गो राजघराण्याचा जुना वाडा आहे. घराण्याची मोठी गादी खपलूची. वंशज स्वतःच फिरवून दाखवतात, भिंतीवरची वंशावळ बोट ठेवून वाचतात. राज्य गेलेल्या माणसाची ऐट मला एरवी सहन होत नाही, पण इथे ती शोभत होती.

धर्माचं तर विचारूच नकोस, माझा सगळा गोंधळ उडाला. तिबेटी वळणाची भाषा, तीही इतकी जुनी की ल्हासाच्या लोकांनी बोलताना टाकून दिलेली व्यंजनं हे अजून उच्चारतात. आणि लोक मुसलमान, तुर्तुकात बहुतेक नूरबक्शी या सूफी वळणाच्या पंथाचे. चौदाव्या शतकात इराणातून आलेल्या सूफी संत सय्यद अली हमदानींचं नाव अजून आदराने घेतात. खपलूची चकचन मशीद त्याच काळातली मानतात. फोटोत बघितली तर लाकडी, अर्धी तिबेटी, अर्धी इराणी धाटणीची. बौद्ध शेजाऱ्यांची ती केसर नावाच्या पराक्रमी राजाची गाथा यांचीही आहे. हिवाळ्यात रात्र रात्र सांगायचे म्हणे. आता पोरं मोबाईल बघतात, हे घरमालकच वैतागून म्हणाले. स्कर्दूकडे काही मंडळी जुनी तिबेटी लिपी पुन्हा शिकवू पाहतायत. एरवी लिहायचं ते फारसी-उर्दू लिपीतच.

पण मला खरी आवडली ती नांगचुंग. दगड रचून केलेली बुटकी खोली, अर्धी जमिनीत. दगडांच्या फटींतून खालची गार हवा आत येते. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि आत वाकून हात घातला तर बोटं बधिर. लोणी, मांस, दूध त्यातच. वीज लागत नाही, आणि मालकीणबाईंनी शेजारी फ्रिज असूनही लोणी तिथूनच काढलं. ते कुट्टूच्या धिरड्यावर, म्हणजे किसिरवर, घातलं. सोबत खारट चहा. चहा मला झेपला नाही, किसिर मात्र मागून घेतलं.

तू जाणार असशील तर जुलैअखेरीस जा, जर्दाळू तेव्हा झाडावर पिकलेले असतात. दिवसात जाऊन परतणाऱ्या गाड्यांबरोबर जाऊ नकोस, मुक्काम कर. आणि बायकांचे फोटो न विचारता काढू नकोस, त्यांना मुळीच खपत नाही. घरमालकांचा नंबर व्हॉट्सअॅपवर पाठवतो.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर