जुन्या धातूची अक्षरे घडवताना देवनागरी मोडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या कोकण किनाऱ्यावरचे चार दुर्ग आहेत, याचा आनंद प्रत्येक कोकणवासीयाप्रमाणे मलाही आहे. या निमित्ताने स्वागतकमानी, दिशाफलक, होमस्टेच्या पाट्या आणि पर्यटन पुरवण्यांची शीर्षके यांवर गंजक्या, झिजलेल्या धातूच्या अक्षरांचे वळण सर्रास दिसू लागले आहे. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण खारे वारे आणि लोखंड यांचे नाते आपल्याकडे जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. मात्र ही अक्षरे ज्या रीतीने केली जात आहेत, ती पाहून पाट्यांच्या व्यवसायात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे पत्र.

इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा विनामूल्य मिळणारे इंकस्केप या रेखांकनाच्या संगणक प्रणालींपैकी कशातही हे काम उत्तम होते. अडचण अशी की, ते शिकवणारी बहुतेक उदाहरणे रोमन लिपीतली असतात आणि आपला ऑपरेटर तीच कृती जशीच्या तशी देवनागरीला लावतो. रोमन अक्षरे सुटी उभी असतात. देवनागरीत मात्र एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. सपाट काळ्या रंगात हा चढाव दिसत नाही, पण आउटलाइन करून (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या रेषाकृती करून) कडेला उठाव दिला किंवा ग्रेडियंट (फिकट-गडद होत जाणारा रंग) भरला की प्रत्येक जोडावर एक उभी चीर उमटते आणि प्रत्येक अक्षराची चकाकी नव्याने सुरू होते. एका पत्र्यातून कापलेला शब्द असा कधीच दिसणार नाही. त्यासाठी आउटलाइन केल्यावर, इतर काहीही करण्याआधी, सर्व आकार ‘युनाइट’ किंवा ‘युनियन’ या आज्ञेने एकजीव करावे लागतात. तीच फाइल पुढे लेझर कटिंगला जाणार असेल तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण यंत्र त्या चढावाच्या रेषांनाही कापण्याच्या रेषा समजते आणि अखंड शब्दाचे तुकडे हाती येतात. अनुस्वाराचा टिंब तर कशालाच जोडलेला नसल्यामुळे गळून पडतो. त्याला बारीक पूल द्यावा लागतो किंवा मागच्या पत्र्यावर स्वतंत्रपणे बसवावे लागते.

फॉन्टची निवडही येथेच ठरते. आतल्या बाजूने कडा घेतल्यावर (म्हणजे ‘ऑफसेट पाथ’ उणे आकड्याने दिल्यावर) बारीक वळणाच्या फॉन्टमधल्या वेलांट्या आणि गाठी नाहीशा होतात. मुक्ता किंवा बलू यांसारखे मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट ठळक वजनात सहज मिळतात आणि ते अशा कामाला टिकतात. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि रफार सुटतो. हे ध्यानात न घेता छापलेले फलक मी रस्त्यावर उभे राहिलेले पाहिले आहेत.

आता गंजाविषयी. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, आणि हवेतले मीठ ती क्रिया वेगाने पुढे नेते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते, म्हणून रंगाचा थर आतून फुगतो आणि पापुद्रे सुटतात. आपल्या बंदरांवर डोळे उघडे ठेवून फिरले तर आणखी एक गोष्ट दिसते. पावसाने धुतल्या जाणाऱ्या उघड्या भागापेक्षा, ज्यावर पाऊस पोहोचत नाही पण खारी हवा पोहोचते, असा आडोशाचा, खालचा भाग पुष्कळदा अधिक खाल्लेला असतो, कारण तिथले मीठ धुऊन जात नाही. पाणी लोंबकळते ती खालची कड, बोल्टच्या भोवतालचा वेढा आणि तिथून सरळ खाली उतरणारे तांबूस ओघळ ही झिजेची खरी ठिकाणे. देवनागरी शब्दात याच्या जागा नेमक्या सांगता येतात: शिरोरेषेची खालची कड, गाठींच्या पोकळ्या, काना आणि उकार यांची टोके. संपूर्ण शब्दावर एकसारखे डाग शिंपडले की ते चिखल उडाल्यासारखे दिसतात.

धातूही ठरवून घ्यावा लागतो. ॲल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाही, त्यावर पांढरी भुकटी येते. तांबे आणि कांसे हिरवट होतात. पंचधातूच्या तोफेचा आव आणलेल्या अक्षरांवर नारिंगी गंजाचे थर देणे चुकीचे आहे. जंजिऱ्याची कलालबांगडी तोफ पंचधातूची सांगितली जाते, तिला समोर ठेवून रंग निवडावेत. लोखंडी अक्षरे हवी असतील तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर उभ्या असलेल्या तोफा पाहाव्यात, ज्यांवर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव आहे. मच्छीमार जेटीवरचा नांगर, बर्फ कारखान्याचे दार, ट्रॉलरची विंच यांचे फोटो ढगाळ उजेडात काढावेत, ते काळे-पांढरे करून ‘ट्रेस’ करावेत (म्हणजे त्यांच्या रेषाकृती करून घ्याव्यात) आणि बारीक ठिपके गाळून टाकावेत. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या तयार टेक्स्चरपेक्षा (पृष्ठभागाच्या पोताच्या चित्रापेक्षा) ते कितीतरी खरे वाटते.

आणि हे टेक्स्चर अक्षरांवर चढवताना एका गोष्टीची काळजी अवश्य घ्यावी. ‘सिंधुदुर्ग’ या एका शब्दात वेलांटी, अनुस्वार, दोन उकार आणि रफार आहे. ‘सुवर्णदुर्ग’मध्ये तर दोन रफार आहेत. टेक्स्चरचा एखादा खड्डा रफारावर पडला की ‘सिंधुदुग’ असे वाचले जाते, आणि शिरोरेषेच्या वर सुटा डाग राहिला तर तो अनुस्वार होऊन बसतो. ओपॅसिटी मास्कमध्ये, म्हणजे अक्षराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या थरात, पांढरा भाग दिसतो आणि काळा लपतो. तेव्हा रफार, अनुस्वार, वेलांटीचे टोक यांवर मास्कमध्येच पांढरा रंग भरून ठेवला की झीज त्यांना शिवत नाही. शब्दाच्या अंगावर कितीही वय चढवावे, पण ही चिन्हे शाबूत राहिली पाहिजेत, कारण लांबून, धावत्या एसटीतून वाचणारा प्रवासी त्यांच्याच आधारे शब्द ओळखतो.

ग्रेन (रवाळपणा) किंवा ब्लर (धूसरपणा) यांसारखे इफेक्ट वेक्टर, म्हणजे रेषांनी बनलेल्या, फाइलमध्ये असले तरी ते पिक्सेलमध्येच, म्हणजे ठिपक्यांतच, तयार होतात. रास्टर सेटिंग (या ठिपक्यांची दाटी) ७२ पीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेलवर, राहिले आणि तेच चित्र कमानीच्या आकाराला वाढवले की चौकोनी ठोकळे दिसू लागतात. म्हणून मोठ्या फलकासाठी शक्य तेवढी झीज पाथमध्येच, म्हणजे रेषाकृतीतच, करावी.

किल्ल्यांच्या परिसरातले फलक करवून घेणाऱ्या ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि पर्यटन संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी कामाच्या अटींत तीन गोष्टी लिहाव्यात. मजकूर शुद्धलेखन तपासलेल्या साध्या अक्षरांत आधी मंजूर व्हावा, अंतिम नमुना प्रत्यक्ष आकारात आणि दहा-पंधरा पावलांवरून वाचून पाहावा, आणि जेपीजी चित्रासोबत मूळ एसव्हीजी (रेषाकृतीची) किंवा पीडीएफ फाइल, टाइप केलेल्या मजकुराच्या वेगळ्या थरासह, कार्यालयात जमा करून घ्यावी. ती फाइल हाती असेल तर पुढचा पावसाळा फलक घेऊन गेला तरी नवा फलक त्याच अक्षरांत करता येईल आणि फोटो वाढवून काम भागवावे लागणार नाही.

आपला,
एक पाटीकार, मालवण