काचेवर बटण काढलं म्हणून ते बटण होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख वाचला, त्यात होतं की हातात धरून खेळायच्या गेमच्या मशीनचे दिवस आता भरले, स्मार्टफोनच पुरे आहे, उगाच वेगळं खेळणं कोण घेणार वगैरे. लेख चांगला होता, पण लिहिणाऱ्याने एखाद्या पोराला सलग दोन तास फोनवर गेम खेळताना शेजारी बसून बघितलेलं नसावं असं वाटलं. मी रोज बघतो. कराडला एसटी स्टँडच्या मागे माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि दुकानाला बाकडं आहे, त्यामुळे फोन दुरुस्त होईपर्यंत मित्राच्या फोनवर खेळत बसलेली दोन-चार पोरं कायम असतातच.

गेम खेळणाऱ्या पोराचा फोन मी त्याने तोंड उघडायच्या आधी ओळखतो. बंद स्क्रीन ट्यूबलाईटखाली तिरकी धरायची, डावीकडे खाली एक आणि उजवीकडे एक असे दोन मंद लांबट डाग दिसतात, बाकी काच चकाचक. काचेवर जो तेलकटपणा धरू न देणारा थर असतो तो तेवढ्याच जागी घासून गेलेला असतो, कारण डाव्या अंगठ्याने पळायचं आणि उजव्याने मारायचं. मागच्या महिन्यात अकरावीतला एकजण आला, म्हणाला काका टच गेलाय पण सगळा नाही, फक्त इथं. इथं म्हणजे बरोबर त्या डाव्या डागावर. व्हॉट्सअॅप चालतंय, फोन लागतोय, फक्त गेममधला माणूस डावीकडे वळत नाही. त्याच्यासाठी फोन मेलाच होता. फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, बदलायला दोन हजार सांगितले तर घासाघीस न करता हो म्हणाला, वडिलांना सांगू नका एवढंच.

आता माझा मुद्दा. फोनवर जे बटण दिसतं ते बटण नाहीच, ते बटणाचं चित्र आहे. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, अंगठ्याला कड लागत नाही, खोलगट लागत नाही, दाबलं की खाली जात नाही, त्यामुळे अंगठा कुठे आहे हे डोळ्यांनी बघावं लागतं आणि तेच डोळे तर गेम बघायला पाहिजेत. वर आणखी, ज्या पडद्यावर बघायचं त्याच पडद्यावर हात ठेवायचे, फळ्यावर लिहिलेलं वाचायचंय आणि मास्तर मध्येच उभा, तसला प्रकार. आपल्या घाटावरच्या पावसात बोटं दमट असली की टच उड्या मारतो ते वेगळंच, म्हणून पोरं बोटांना टाल्कम पावडर लावतात, अगदी कॅरमच्या बोर्डाला लावतो तशी, आणि ती स्पीकरच्या जाळीत जाऊन बसते. मग आवाज बारीक येतोय म्हणून परत माझ्याकडेच.

आणि पोरांना हे कळत नाही असं अजिबात नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आधी ती चार बोटांनी खेळायला शिकली, खेकड्याच्या नांगीसारखे पंजे करून, दोन अंगठे खाली आणि दोन तर्जन्या वर. मग फोनच्या वरच्या कडेला अडकवायचे ट्रिगर, म्हणजे तर्जनीने दाबायची बटणं, आले, दीडशे-दोनशेला जोडी. मग अंगठ्यात घालायच्या त्या कापडी टोप्या. मग पाठीला चिकटवायचा पंखा, कारण फोन तापतो. मग ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने दोन्ही बाजूंनी फोन धरणारा कंट्रोलर घेतला. म्हणजे बघा, बटणं लावली, पंखा लावला, धरायला मुठी लावल्या, जोड देत देत शेवटी पोराने स्वतःच्या खर्चाने एक ओबडधोबड गेमचं मशीनच बनवलं की. मग त्याचे दिवस संपले कुठे?

पंख्याचं जरा सांगतो, कारण कागदावरच्या आकड्यांनी लोक फसतात. निन्टेन्डो कंपनीचं स्विच हे हातात धरून खेळायचं मशीन २०१७ च्या मार्चमध्ये आलं, त्यातली चिप एनव्हिडियाची, २०१५ सालच्या जातीची. आजचा जरा बऱ्यापैकी फोन वेगाच्या परीक्षेत तिला केव्हाच मागे टाकतो. पण परीक्षा दोन मिनिटांची आणि खेळ दोन तासांचा. फोनच्या पोटात पंखा नसतो, काच आणि धातूच्या मध्ये सगळं चेपून बसवलेलं, उष्णता जाणार कुठे, मग फोन स्वतःला वाचवायला स्वतःचाच वेग कमी करतो, स्क्रीन मंद करतो, आणि पोरगं म्हणतं काका लॅग होतोय. मे महिन्यात माझ्या पत्र्याखालच्या दुकानात तर वीस मिनिटं पुरतात. त्यात चार्जिंगला लावून खेळायची सवय, बॅटरी फुगते आणि पाठीमागचं झाकण उचललं जातं, असे फोन उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन तरी येतात. स्विचमध्ये छोटासा का होईना पंखा आहे, स्टीम डेक नावाच्या तसल्याच दुसऱ्या मशीनमध्येही आहे. जुनी चिप, पण दमानं आणि एकसारखी चालते.

कागदावर भारी तेच मैदानात भारी ही चूक फार जुनी आहे. निन्टेन्डोचा गेमबॉय १९८९ ला आला तेव्हा त्याचा पडदा शेवाळी हिरवा, मागे दिवा नाही, उजेडाला धरून खेळायचं. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला रंगीत पडद्याचा, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला तोही रंगीत. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासात संपवायचा आणि गेमबॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा. तो बनवणारे गुनपेई योकोई यांचं सूत्रच असं की नवंकोरं तंत्र नको, घासूनपुसून स्वस्त झालेलं घ्या आणि त्याचा वेगळा वापर शोधा. शेवटी जिंकला तो गेमबॉयच. आमच्याकडे गेमबॉय कुठला यायला, आम्ही जत्रेतला ब्रिक गेम खेळलो, खोक्यावर ९९९९ इन १ लिहिलेला, आत खरे गेम दहा-बारा असतील. पण त्याची बटणं अंधारात पांघरुणात सुद्धा सापडायची!

दुसरी गोष्ट लेखात राहून गेली ती म्हणजे, टच ही काही फोनवाल्यांनी गेममध्ये आणलेली गोष्ट नाही. निन्टेन्डो डीएस २००४ ला आलं, आयफोनच्या साधारण अडीच वर्ष आधी, आणि त्याच्या खालच्या पडद्याला टच होता. तो टच वेगळ्या जातीचा, दाबल्यावर कळणारा, काडीने किंवा नखानेही चालणारा, आताचे फोन बोटाचा विद्युत स्पर्श ओळखतात. पण त्या लोकांनी टच दिला तरी बटणं काढली नाहीत. चित्र काढायचं, कोडं सोडवायचं तिथं काडी, उडी मारायची तिथं बटण. अशी १५ कोटींच्या वर मशीन खपली.

आता लेखकाच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दुकानदार आपलंच घोडं पुढे दामटतोय (खरं तर गेमची मशीन दुरुस्तीला माझ्याकडे वर्षाला चार येतात, धंदा माझा फोनवरच आहे). फोनने या मशीनचं नुकसान केलं हे शंभर टक्के खरं. डीएस १५ कोटींवर गेलं आणि त्याच्यानंतरचं थ्रीडीएस त्याच्या निम्म्यावर थांबलं, साडेसात कोटीच्या आसपास. २०११ ला ते आलं तेव्हा एवढं थंड गेलं की सहा महिन्यांच्या आत जपानमध्ये २५ हजार येनचं १५ हजाराला करावं लागलं आणि कंपनीचे अध्यक्ष इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. सोनीचा पीएसपी साडेसात कोटींच्या वर गेला होता, त्याच्यामागून आलेला व्हिटा असा आपटला की पुढे सोनीने त्याचे वेगळे आकडे देणंच बंद केलं. का? तर रस्त्यात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत पाच-दहा मिनिटं घालवायला जे मशीन लागायचं ते काम फोनने उचललं, आणि फुकटात उचललं. अँग्री बर्ड्सची गलोल ओढायला बटण कशाला पाहिजे, ते बोटानेच गोड लागतं. लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात लुडो किंग एवढं चाललं, नवी मुंबईतल्या कंपनीचा गेम आहे तो, की माझी आई पुण्याच्या मावशीशी रोज दुपारी खेळायची आणि सोंगटी मारली की इकडून ओरडायची. तिला मी कुठलं गेमिंग मशीन देणार होतो? हे सगळे गेम काचेसाठीच बनलेत आणि तिथे फोनला कोणी हरवू शकत नाही, प्रयत्नही करू नये.

पण मग २०११ ला जे लोक म्हणत होते की संपलं आता, त्यांचं पुढे काय झालं? तर स्विच आलं आणि १५ कोटींच्या पुढे गेलं, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना गेलं. २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक आलं, मग कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या. मेलेल्या धंद्यात कोण पैसा घालतं?

फोनवाल्यांनी उलट्या बाजूनेही करून बघितलं. नोकियाने २००३ ला एन-गेज काढला, फोन अधिक गेम. गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, मग कार्ड. आणि बोलताना फोन कानाला उभ्या कडेवर धरायचा, लोक हसायचे. २०११ ला सोनी एरिक्सनचा एक्सपिरिया प्ले आला, सरकवला की खालून खरी बटणं, मला तर फार आवडला होता, पण तोही चालला नाही. बटणं लावून भागत नाही, त्या बटणांसाठी कोणीतरी जीव लावून गेम बनवावे लागतात, आणि गेम बनवणारे तेव्हाच बनवतात जेव्हा कोणीतरी त्याचे पैसे देतं. इथं फोनची खरी अडचण आहे असं मला वाटतं, चिप-बिप नंतर. २०१६ ला निन्टेन्डोने मारियो फोनवर आणला, एका बोटाने खेळायचा, थोडा फुकट आणि पूर्ण पाहिजे तर दहा डॉलर. डाउनलोड २० कोटी झाले, पण हवा तेवढा नफा नाही असं कंपनीनेच सांगितलं. तोच मारियो स्विचवर लोक त्याच्या पाच-सहा पट पैसे देऊन घेतात. फोनवर आपली सवयच फुकटची, मग फुकट देणारा आपला पैसा दुसरीकडून काढणार, जाहिरात दाखवून, नाहीतर रंगीबेरंगी बंदूक विकून, नाहीतर पोराला रोज बोलावून. रोज आला तर बक्षीस, एक दिवस चुकला तर गेलं. म्हणून फोनवरच्या गेमला शेवट नसतो.

राहिला प्रश्न आपल्याकडचा. आपल्याकडे फोन जिंकला असं म्हणणं मला पटत नाही, कारण समोरचा पैलवान आखाड्यात उतरलाच नाही. कुस्ती न होताच गदा. जिओ आलं २०१६ ला, पबजी मोबाईल आलं २०१८ ला, आणि गावागावातल्या पोरांच्या हातात पहिलंवहिलं गेमचं मशीन म्हणून जे पडलं ते म्हणजे वडिलांनी हप्त्यावर घेतलेला फोन. त्या गेमवर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली, पुढच्या वर्षी नाव बदलून परत आला, मध्ये पुन्हा गायब झाला, २०२३ ला पुन्हा आला, पोरं तिथंच. स्विच आपल्याकडे यायचं ते कोणाच्या तरी बॅगेतून दुबईहून नाहीतर मुंबईला हीरा पन्ना मार्केटमधून, वॉरंटीच्या नावाने बोंब. आसूसचं आरओजी अलाय, स्टीम डेकसारखंच मशीन, २०२३ ला रीतसर आलं ते ६९,९९० रुपयांना. एवढ्यात आमच्या इथं चांगली सेकंडहँड मोटारसायकल येते आणि वर पेट्रोलला उरतात. मग पोराने करायचं काय, तो काचेवरच शिकणार, आणि शिकलाही, मी त्या चार बोटांच्या वेगाला मनापासून मानतो, मला सात जन्मात जमणार नाही. फक्त पबजीच्या शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे आकसत आलेल्या रिंगणात, तिघं उरलेत आणि आईचा फोन आला की बाकड्यावर जो आवाज निघतो तो छापण्यासारखा नसतो.

माझा मेव्हणा दुबईला होता, त्याने आणलेलं एक डीएस लाईट माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे, सतरा-अठरा वर्षांचं. मागे एक स्क्रू काढला की बॅटरी हातात येते, मी दोनदा बदलली, ना हीट गन ना गोंद. गिऱ्हाईक आलं की झाकण मिटायचं, गेम तिथंच झोपतो, उघडलं की तिथूनच सुरू. त्या अकरावीतल्या पोराचा फोल्डर बसवायला तासभर लागणार होता, तोवर रडवेला चेहरा करून बसला होता म्हणून ते त्याच्या हातात दिलं आणि कामाला लागलो. पाच मिनिटांनी बघतो तर गडी बटणांकडे बघतही नाहीये, वरच्या पडद्यावर, ज्याला टच नाहीच त्याच्यावर, अंगठा दाबून दाबून घासतोय. मग मशीन माझ्यापुढे धरून म्हणाला, काका, याचा पण टच गेलाय वाटतं.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, कराड