नोंदींच्या स्थलांतरात साथ देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याबद्दल तुम्ही मला जे समजावलंत ते आज विंडोजकडून लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीकडे निघालेल्या अनेकांना हवं आहे, म्हणून हे आभाराचं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि टीपीएम 2.0 या सुरक्षा-चिपची अट पूर्ण न करणारे माझ्यासारख्यांचे धडधाकट संगणक विंडोज 11ला मुकले. लिनक्स बसवणं जमण्यासारखं होतं. काळजी होती ती वननोट या मायक्रोसॉफ्टच्या नोंदवही-ॲपमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या नोंदींची. लिनक्ससाठी मायक्रोसॉफ्टचं वेगळं वननोट नाही, ते ब्राउझरमध्येच उघडावं लागतं.

मी विचारलं, "ताई, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" तुम्ही एकही नाव घेतलं नाहीत. "तू जास्त लिहितेस की जास्त शोधतेस?" एवढंच विचारलंत. मी शोधते, ताई. अर्धवट आठवणाऱ्या एखाद्या शब्दावरून जुनी नोंद हुडकण्यात माझं निम्मं काम असतं. तिथेच रंगीत फलक, कॅलेंडर, तयार साचे हे सगळं यादीतून गळालं.

मग तुम्ही मराठीतल्या शोधाची खरी मेख दाखवलीत. साधा सर्च अक्षरं जुळवतो, व्याकरण जाणत नाही. 'जमीन' टाकलं तर 'जमिनीचा' सापडत नाही, कारण दीर्घ मी ऱ्हस्व झालेला असतो. 'पाणी' टाकलं तर 'पाण्यात' निसटतं. म्हणून प्रत्येक नोंदीला मूळ रूपातला टॅग द्यायचा, हा तुमचा नियम मी आता कसोशीने पाळते. इतकी उपयोगाची गोष्ट मला दुसऱ्या कुणीच सांगितली नव्हती.

तुमचा दुसरा प्रश्न होता, "उद्या हेही सोडावं लागलं तर हातात काय उरेल?" त्यावर नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी दोनच नावं टिकली, जॉप्लिन आणि ऑब्सिडियन. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, पण नोंदी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये, हव्या असतील तर एक्स्पोर्ट करावं लागतं. ऑब्सिडियन मुक्तस्रोत नाही, मात्र त्यातली प्रत्येक नोंद फोल्डरमधली साधी मार्कडाउन फाइल असते आणि कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रोग्रामचा कोड खुला असण्यापेक्षा माझ्या नोंदी खुल्या असणं मला जास्त मोलाचं वाटलं. मी ऑब्सिडियन घेतलं.

"सगळ्यात अवघड नोंदी आधी हलवून बघ," हा सल्ला तर सोन्यासारखा. तक्ता असलेली एक, पीडीएफ जोडलेली एक, पेनने लिहिलेली एक, दुसऱ्या पानाचा दुवा असलेली एक. ऑब्सिडियनचं इम्पोर्टर प्लगइन, म्हणजे नोंदी आत आणणारी जोड-सोय, मायक्रोसॉफ्ट खात्यातून वननोटच्या वह्या उचलतं, त्यामुळे संगणकावरच पडून असलेल्या वह्या आधी वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढवल्या. हस्ताक्षरातली पानं मात्र साधा मजकूर होत नाहीत, ती विंडोजवर असतानाच पीडीएफ करून ठेवली. जुना संगणक पुसायची घाई करू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत ते याचसाठी.

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह आणि कोलन टाळायचं, हेही लक्षात ठेवलंय. लिनक्सला ते चालतं, विंडोजला नाही, आणि ऑफिसात मला हेच फोल्डर विंडोजवर उघडावं लागतं.

ताई, एवढं सगळं करताना तुम्ही एकदाही माउस माझ्या हातातून घेतला नाहीत. प्रत्येक वेळी मलाच करू दिलंत, चूक दिसली तरी थांबून वाट पाहिलीत. त्यामुळे आता ऑफिसातल्या इतरांनाही मी हे शिकवू शकते. मनापासून आभार.

त्या अवघड नमुना-नोंदींचं फोल्डर खासगी मजकूर काढून तुम्हाला पाठवते आहे. पुढे कुणी हाच प्रश्न घेऊन आलं, तर चाचणीसाठी वापरा.

तुमची,
एक कृतज्ञ सहकारी